भाव कधीचा धरायचा? : आळशी याद्या आणि डायनॅमिक बाइंडिंग

या वेळी निवडलेली पत्रं एकाच गाठीभोवतीची आहेत. प्रोग्रॅमिंगच्या भाषा वेगवेगळ्या, पण दुखणं एकच : काम मागे ठेवलं (यालाच ‘आळशी’ म्हणतात) की ते होताना ठरवलेली किंमत लागत नाही, त्या क्षणीची लागते. म्हणून उत्तरंही एकत्र देत आहोत. कोड इथे देवनागरीत छापला आहे. स्वतः टाइप करताना बाइंडिंग, मॅप, लेट असे भाषेचे शब्द रोमनमध्येच लिहावे लागतील. तुमच्या व्हेरिएबलांची नावं मराठीत ठेवलीत तर क्लोजर आणि पायथन दोघांचीही हरकत नसते.

प्रश्न : कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टी काढणारा प्रोग्रॅम क्लोजरमध्ये लिहिला आहे. क्विंटलचा भाव डायनॅमिक व्हेरिएबलमध्ये (ज्याची किंमत बाइंडिंगने तेवढ्या ब्लॉकपुरती बदलता येते) ठेवला, मूळ किंमत १५००. त्या दिवसाचा भाव १८०० धरायचा होता, म्हणून बाइंडिंगमध्ये १८०० देऊन ४० गाड्यांच्या रकमा काढल्या. प्रत्येक गाडीत २० क्विंटल. बेरीज १४,४०,००० यायला हवी, येते १२,००,०००. काय होतंय ते बघायला बाइंडिंगच्या आतच पहिली रक्कम छापणारी ओळ घातली, तर बेरीज १३,९२,००० झाली! नुसत्या छापण्याने हिशेब कसा बदलतो?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : क्लोजरच्या बाजूने पाहिलं तर तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे बरोबर आहेत. तुमच्या पत्रातला कोड थोडक्यात असा :

(डेफ ^:डायनॅमिक *भाव* १५००)

(डेफएन रकमा [वजनं]
  (मॅप (एफएन [क्विंटल] (* क्विंटल *भाव*)) वजनं))

(डेफ यादी
  (बाइंडिंग [*भाव* १८००]
    (रकमा वजनं)))

(रिड्यूस + यादी)

समजा, लासलगावच्या एखाद्या पट्टीवर वजन लिहिलं, पण भावाच्या रकान्यात आकडा न लिहिता ‘चालू भाव’ एवढंच लिहून ठेवलं. पट्टी सोमवारची असली तरी हिशेब शुक्रवारी केला, तर शुक्रवारचाच भाव लागणार. तुमच्या मॅपने नेमकं हेच केलं आहे. यादीतल्या प्रत्येक घटकाला फंक्शन लावणारा क्लोजरमधला मॅप आळशी आहे, तो लगेच गुणाकार करत नाही. ‘मागाल तेव्हा गुणाकार करून देईन’ अशी चिठ्ठी परत करतो. त्या चिठ्ठीत ‘वजनं’ची किंमत बंद झालेली असते, कारण ते फंक्शनचं साधं, लेक्सिकल (कोडमध्ये लिहिल्या जागेवरून ठरणारं) नाव आहे. *भाव* मात्र नावानेच राहतो. त्याची किंमत गुणाकार होईल त्या क्षणी, तो करणाऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यावर) शोधली जाते.

बाइंडिंग हा मॅक्रो आत शिरताना १८०० ही किंमत थ्रेडच्या रचेवर (स्टॅकवर) चढवतो आणि बाहेर पडताना, वाट कोणतीही असो, उतरवतो. तुमचा ब्लॉक चिठ्ठी हातात येताच संपला आणि १८०० उतरले. मग बेरीज करणारा रिड्यूस आला, त्याने गुणाकार मागितले, तेव्हा खाली उरला होता मूळ १५००. चाळीस गुणिले वीस गुणिले पंधराशे, म्हणजे बारा लाख.

आता छापण्याचं. तुम्ही पहिलीच रक्कम मागितली असलीत तरी क्लोजर एकच काढत नाही. ‘वजनं’ व्हेक्टर असेल तर त्यावरचा मॅप ३२-३२ च्या गठ्ठ्याने काम करतो. व्हेक्टर आतून ३२ च्या तुकड्यांनीच बांधलेला असतो, आणि एकेक घटकासाठी चिठ्ठी फाडण्यापेक्षा गठ्ठा उरकणं स्वस्त पडतं. त्यामुळे पहिली रक्कम छापताच पहिल्या ३२ गाड्या १८०० ने निघाल्या. आळशी यादी एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवते, ते पुन्हा काढत नाही, म्हणून त्या ३२ रकमा कायमच्या ठरल्या. उरलेल्या ८ बाहेर, १५०० ने. फरक ८ × २० × ३०० = ४८,०००, बरोबर तुमच्या तुटीएवढा. वजनं व्हेक्टरऐवजी साध्या लिस्टमध्ये असती तर गठ्ठा पडला नसता. एकच गाडी १८०० ने आणि ३९ गाड्या १५०० ने निघाल्या असत्या.

म्हणून या रोगात तपासायला घातलेली ओळ भरवशाची नसते. ‘यादी रिकामी तर नाही ना’ असं सेक या फंक्शनने विचारलं तरी पहिला गठ्ठा निघतो. यादी उघडली का हे सांगणारं रिअलाइज्ड? हे फंक्शनही पुरेसं नाही. यादीचं पहिलं टोक उघडलं की ते ‘हो’ म्हणतं, पुढचे आठ मिटलेले असले तरी. आणि रेपलमध्ये (टाइप केलेल्या कोडचं उत्तर लगेच छापणाऱ्या खिडकीत) बाइंडिंगचा ब्लॉक टाइप करून लगेच दिसलेल्या रकमा चुकीच्या असतात, कारण रेपल छापतो ते ब्लॉक संपल्यावर.

उपाय तीन आहेत. आमची पसंती ज्या क्रमाने, त्याच क्रमाने सांगतो.

पहिला : भाव हा हिशेबाचा भाग असेल तर तो फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्या. (रकमा भाव वजनं). यात आळशीपणा तसाच राहतो आणि घोळ मुळातून जातो. फंक्शनची ठेवण बदलणं शक्य नसेल तर किंमत आधीच मुठीत धरा :

(डेफएन रकमा [वजनं]
  (लेट [आजचा *भाव*]
    (मॅप (एफएन [क्विंटल] (* क्विंटल आजचा)) वजनं)))

लेट तिथल्या तिथे चालतो. ‘आजचा’ म्हणजे १८०० हा आकडा, नाव नव्हे. एक मेख मात्र आहे. हेच ‘रकमा’ दुसऱ्या एखाद्या आळशी मॅपच्या आतून बोलावलं, उदाहरणार्थ सगळ्या बाजार समित्यांवर (मॅप रकमा समित्या), तर लेटच उशिरा चालेल आणि पुन्हा १५०० धरेल. मूठ आवळायची ती सर्वांत बाहेरच्या आळशी पायरीच्याही बाहेर.

दुसरा : बाइंडिंगच्या आतच सगळं उरकून घ्या. (डूऑल (रकमा वजनं)), किंवा मॅपच्या जागी मॅपव्ही. मॅपव्ही थेट व्हेक्टर देतो, आळस शिल्लकच ठेवत नाही. चाळीस गाड्यांना हे उत्तम. दहा लाख ओळींच्या फाइलवर केलंत तर दहा लाख उत्तरं एकदम मेमरीत बसतील हे लक्षात ठेवा. डूऑल फक्त वरचा थर उघडतो. (डूऑल (मॅप रकमा समित्या)) लिहिलं तर समित्यांची यादी उघडली, पण प्रत्येक समितीच्या आतली रकमांची यादी मिटलेलीच राहिली. आतला थरही हवा तर (मॅपव्ही (कॉम्प डूऑल रकमा) समित्या). आणि डूऑलऐवजी चुकून डूरन लिहू नका. तो सगळं उघडतो पण हाती निल, म्हणजे काहीच नाही, देतो.

तिसरा : बाउंड-एफएन. एफएनच्या जागी हा शब्द लिहिला की ते फंक्शन बनतानाच थ्रेडवरची सगळी बाइंडिंग्ज सोबत बांधून घेतं, आणि दर वेळी चालताना ती चढवतं-उतरवतं. प्रत्येक घटकामागे चढ-उतार, म्हणून महाग. शिवाय बांधलं जातं ते हे एकच फंक्शन. ज्या यादीवर ते चालतं ती स्वतः आळशी असून तिच्यातही *भाव* वापरला असेल, तर ती यादी मोकळीच राहते. आमच्या मते बाउंड-एफएन राखून ठेवावा तो कॉलबॅकसाठी, जिथे फंक्शन दुसऱ्याच्या हाती सोपवायचं असतं.

सरतेशेवटी एक साधी सवय. अशा व्हेरिएबलला मूळ किंमत देऊच नका; (डेफ ^:डायनॅमिक *भाव*) एवढंच लिहा. मग बाइंडिंगच्या बाहेर गुणाकार झाला की क्लासकास्टएक्सेप्शन ही चूक येऊन प्रोग्रॅम जागच्या जागी थांबेल. पंधराशे ही ‘समंजस’ मूळ किंमत तुम्ही दिली होती, म्हणून चूक गुपचूप पट्टीवर छापली गेली. (तारकांचं *भाव* हे नाव नुसता संकेत आहे. क्लोजर १.३ पासून ^:डायनॅमिक लिहिल्याशिवाय बाइंडिंग चालत नाही.)

प्रश्न : वरच्यासारखाच प्रकार, पण आमच्याकडे काम अनेक थ्रेडवर वाटलेलं आहे. फ्यूचरमध्ये (वेगळ्या थ्रेडवर सोडलेल्या कामात) बाइंडिंग पोचतं, जावाच्या एक्झिक्युटरला (कामं थ्रेडवर वाटणाऱ्याला) दिलेल्या कामात पोचत नाही, आणि पीमॅपमध्ये, म्हणजे समांतर मॅपमध्ये, कधी पोचतं, कधी नाही. नियम काय?
— सातपूर एमआयडीसीतील एक प्रोग्रॅमर

उत्तर : नियम सरळ आहे, दिसतो मात्र वाकडा. फ्यूचर आणि एजंटला पाठवलेलं काम, दोन्ही ज्या क्षणी तयार होतात त्या क्षणीची बाइंडिंग्ज सोबत घेऊन जातात. ही सोयही १.३ पासूनची. तुम्ही स्वतः उभा केलेला जावाचा थ्रेड किंवा एक्झिक्युटरला थेट दिलेलं फंक्शन काही नेत नाही, त्याला मूळ किंमतच दिसते. तिथे बाउंड-एफएन हाच उपाय. आधीच लिहिलेलं फंक्शन असेल तर बाउंड-एफएन*.

पीमॅप आतून फ्यूचरच वापरतो, म्हणून तो ‘पोचवतो’. पण पीमॅप अर्धा आळशी आहे. थोडे फ्यूचर पुढे पळवतो, बाकीचे यादी वाचली जाईल तसे उभे करतो. जे फ्यूचर बाइंडिंग उतरल्यावर उभे राहिले ते मूळ किंमत घेऊन निघाले. ‘कधी कधी’ वाटतं ते यामुळे. (डूऑल (पीमॅप ...)) बाइंडिंगच्या आत लिहा, म्हणजे सगळे फ्यूचर आतच जन्माला येतील.

चाचण्यांसाठी विथ-रीडेफ्स वापरत असाल तर जास्त जपा. तो थ्रेडपुरती नाही, सगळ्या थ्रेडना दिसणारी मूळ किंमतच बदलतो आणि ब्लॉक संपला की परत ठेवतो. आळशी यादी बाहेर निसटली तर तिला खरं फंक्शन सापडतं, नकली नव्हे. समांतर चाललेल्या दोन चाचण्या एकमेकींच्या ताटातलं उचलतात ते वेगळंच.

प्रश्न : क्लोजरच्या डिलेच्या (पहिल्यांदा मागेपर्यंत न चालणाऱ्या कामाच्या) बाबतीतही हेच का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : हो, आणि जरा जास्त चिवट. डिले तयार होताना बाइंडिंग धरत नाही. जो पहिल्यांदा उघडेल त्याची किंमत दिसते आणि तेच उत्तर कायमचं जपलं जातं. सर्व्हरवर वरच्या पातळीला ठेवलेल्या डिलेच्या आत ‘चालू ग्राहकाची भाषा’ वाचली असेल, तर सकाळच्या पहिल्या ग्राहकाची भाषा संध्याकाळपर्यंत सगळ्यांना. डिलेच्या आत डायनॅमिक व्हेरिएबल वाचू नये, याला आम्ही अपवाद करत नाही.

प्रश्न : कॉलेजात हास्केल शिकते आहे. ती भाषा तर नखशिखांत आळशी. मग तिथे हा गोंधळ ऐकू कसा येत नाही?
— एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : कारण तिथे डायनॅमिक व्हेरिएबल ही चीजच नाही. हास्केलच्या साध्या फंक्शनाला वाटेत बदलणारी, रचेवरची किंमत दिसतच नाही. त्यामुळे काम कधी झालं याने उत्तर बदलत नाही. आळशीपणा निर्धास्तपणे सगळीकडे नेता येतो तो या अटीवरच.

‘परिसरातून मिळणारी किंमत’ लागतेच, तेव्हा रीडर मोनाड वापरतात. आस्क म्हणजे किंमत घे, लोकल म्हणजे एवढ्या भागापुरती बदल. हे बाइंडिंगसारखं दिसतं, पण आत ती किंमत फंक्शनचं साधं आर्ग्युमेंट म्हणून पुढे जाते. न उलगडलेल्या कामाला, म्हणजे थंकला, तीच चिकटते. दुसरी वाट इम्प्लिसिट पॅरामीटर्सची. लुईस, लाँचबरी, मायर आणि शील्ड्स यांनी २००० साली मांडलेली ही कल्पना जीएचसी कंपायलरमध्ये वाढीव सोय म्हणून मिळते. नावाआधी प्रश्नचिन्ह लावायचं : ?भाव. प्रकार तपासताना कंपायलर ते छुपं आर्ग्युमेंट बनवतो, म्हणून थंक १८०० घेऊनच जन्मतो.

इथेही एक खाच आहे, परीक्षेत विचारतील न विचारतील. ?भाव वापरून एक स्थानिक नाव बांधलं आणि त्याखाली ?भाव पुन्हा बदलला, तर त्या नावाला जुना भाव लागेल की नवा? प्रकाराची सही न लिहिता बांधलं तर मोनोमॉर्फिझम निर्बंधामुळे (अशा नावाला छुपं आर्ग्युमेंट घेऊ न देणाऱ्या नियमामुळे) जुना. त्याच नावावर ?भाव असलेली सही लिहिलीत तर ते छुपं आर्ग्युमेंट घेणारं बनतं आणि नवा लागतो. नुसत्या सहीने उत्तर बदलावं ही गोष्ट आम्हाला रुचत नाही, म्हणून रीडरच बरा.

आणि हास्केल अगदी सुटली असंही नाही. किमतींचा घोळ नसला तरी फाइलींचा आहे. विथफाइलच्या आत एचगेटकंटेंट्सने मजकूर ‘वाचला’ आणि तो बाहेर आणून वापरला, तर फाइल तोवर बंद झालेली असते आणि ‘बंद हँडलवर उशिरा वाचन’ अशा अर्थाची चूक येते. क्लोजरमध्ये विथ-ओपनच्या आत लाइन-सेक लिहून यादी बाहेर नेली तर ‘स्ट्रीम क्लोज्ड’ येतं, तेच हे. ट्राय-कॅचचंही तसंच. आळशी यादी ट्रायच्या आत फक्त बनते, फुटते बाहेर, आणि तुमचा कॅच बघत राहतो.

जुन्या खुणा हव्या असतील तर : मॅकार्थींच्या १९६० च्या लिस्पपासून क्लोजरच्या घराण्यात नावं डायनॅमिक शोधली जात, सस्मन आणि स्टील यांच्या १९७५ च्या स्कीमने लेक्सिकल वाट धरली, आणि १९७६ मध्ये आळशी मूल्यमापनावर दोन वेगवेगळे शोधनिबंध आले, एक हेंडरसन-मॉरिस यांचा, दुसरा फ्रीडमन-वाइज यांचा.

प्रश्न : आम्ही पायथनवाले. मोजमापाच्या हिशेबात चार अंकांपुरतीच अचूकता हवी होती, म्हणून डेसिमलचा लोकलकॉन्टेक्स्ट (तेवढ्या ब्लॉकपुरती अचूकता बदलणारा) वापरला. उत्तरं २८ अंकी येतात. का?
— अंबड येथील एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागातून

उत्तर : तुमचा कोड असा असणार :

विथ लोकलकॉन्टेक्स्ट() अ‍ॅज सी:
    सी.प्रेस = ४
    उत्तरं = (डेसिमल(१) / न फॉर न इन [३, ७])
प्रिंट(लिस्ट(उत्तरं))

गोल कंसामुळे हे जनरेटर झालं, म्हणजे पुन्हा ती चिठ्ठी. भागाकार लिस्टमध्ये होतात, तेव्हा विथ संपलेला आणि अचूकता परत नेहमीच्या २८ वर. म्हणून ०.१४२९ ऐवजी ०.१४२८५७१४२८५७१४२८५७१४२८५७१४२९. गोल कंसाच्या जागी चौकोनी लिहा, भागाकार आतच होतील, काम संपलं. जनरेटरमधली सर्वांत डावीकडची यादी, इथे [३, ७], मात्र ताबडतोब घेतली जाते. उशीर होतो तो बाकीच्यालाच. त्यामुळे अर्धं बरोबर दिसून फसगत होते.

उलट दिशेची गळती याहून वाईट. जनरेटर फंक्शनच्या आत विथ लोकलकॉन्टेक्स्ट लिहून त्याच्या पोटातच यील्ड केलं (एक उत्तर देऊन थांबलं), तर यील्डवर थांबलेला असताना ती चार अंकी अचूकता वापरणाऱ्याच्या कोडला लागू राहते, कारण जनरेटरला स्वतःचा वेगळा कॉन्टेक्स्ट नसतो. पायथन ३.७ मध्ये कॉन्टेक्स्टव्हार्स आले, तरी जनरेटरला असा वेगळा कॉन्टेक्स्ट मिळाला नाही. तुमच्याकडे पुढच्या टप्प्यातली बेरीज चार अंकांवर गोल होऊ लागली तर इथे बघा. विथच्या आत उत्तर काढून एका नावात ठेवा, विथ संपवा, आणि यील्ड त्याच्या बाहेर, एक पातळी डावीकडे लिहा. वेळ लागतो दोन ओळींचा.

प्रश्न : आर भाषेत सप्रेसवॉर्निंग्ज(...) मध्ये लिहिलेलं काम कंसाच्या आत असतं. आर्ग्युमेंट तर आधी मोजली जातात ना? मग इशारे दबतात कसे?
— एक संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : आरमध्ये ती आधी मोजली जात नाहीत. फंक्शनला आर्ग्युमेंट मिळतं ते प्रॉमिस म्हणून : न मोजलेली अभिव्यक्ती आणि ती जिथे लिहिली तिथला परिसर. नावं त्या परिसरात शोधली जातात, पण काम चालतं ते फंक्शनच्या पोटात, इशारे पकडणारा हँडलर बसवून झाल्यावर. म्हणजे वरच्या सगळ्या पत्रांत जो आळस नडला, तोच इथे कामाचा. विथआर पॅकेजचं विथ_ऑप्शन्स याच युक्तीवर उभं आहे. आधी ऑप्शन बदलायचा, मग प्रॉमिस फोर्सने उघडायचं, निघताना ऑप्शन परत. ही युक्ती मोडते ती अशी. काम आधीच्या ओळीत एखाद्या नावात साठवलंत आणि ते नाव सप्रेसवॉर्निंग्जला दिलंत, तर इशारा तेव्हाच पडद्यावर आलेला असतो.